खिडकीतला परीक्षक

“उत्तर खिडकीबाहेर टांगलंय का?” केल्डने विचारलं.

सिडसेल दचकली. हिरव्या कापडाच्या टेबलापलीकडे दोघं बसली होती. वर्षभर बांधकामाचं व्यवस्थापन शिकवणारी बिर्थे, आणि बाहेरून आलेला परीक्षक केल्ड. सगळं आयुष्य साइटवर घालवलेला, हात फावड्याएवढे. मध्ये सिडसेलनेच उचललेली चिठ्ठी उताणी पडली होती: ‘कडाक्याच्या थंडीत स्लॅब टाकायचा आहे. काय कराल?’

या तोंडी परीक्षेची ही तिसरी खेप. चौथी मिळत नाही. पहिल्या वेळी लेक, आस्ता, पोटात होती आणि सिडसेल अर्ध्यातून उठून ओकायला धावली होती. दुसऱ्या वेळी आस्ता घरी तापाने फणफणलेली, आणि हिला स्वतःचं नावही धड आठवेना. आज पाळणाघरात साथ, नवरा बोटीवर. म्हणून आस्ताची बाबागाडी खाली अंगणात, समोरच्या भिंतीच्या आडोशाला. इथे थंडीतही गावातली सगळीच तान्ही पोरं दुपारी बाहेर झोपतात, त्यात नवल नव्हतं. पण खाडीवरचा वारा आज उलटा फिरून थेट अंगणात घुसत होता.

“माझी मुलगी आहे खाली,” ती म्हणाली. “झोपलीय.”

“हं.” केल्ड उठला आणि थेट खिडकीत जाऊन उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून. दारासारखी रुंद पाठ. बाबागाडी दिसेनाशी झाली.

झालं. कंटाळला हा. आता ऐकणारसुद्धा नाही.

“बोल गं,” बिर्थे हळूच म्हणाली.

बघायला काही उरलंच नव्हतं, म्हणून ती बोलू लागली. आधी चाचरत. पाणी कोमट हवं. साच्यातला बर्फ आधी काढायचा. मग आवाज सुटला. “काँक्रीटला स्वतःची ऊब असते. ती फक्त निसटू द्यायची नाही.”

“कुठून निसटते?” पाठीने विचारलं.

“कडांवरून. कोपऱ्यांवरून. मधोमध गरम लागलं म्हणून निघून जायचं, ही चूक. कोपरे दुहेरी झाकायचे. वारा फिरला की पांघरूण उडतं, ते पुन्हा खोचायचं.”

केल्डने काचेवर टकटक केलं आणि हात जोरजोरात हलवला. ‘आटप’ म्हणतोय, सिडसेलला वाटलं.

“कोण खोचणार?” तो म्हणाला. “संध्याकाळी सगळे घरी पळतात.”

“एकाला थांबवायचं. आधीच ठरवून, नावानिशी. एकच पुरे, पण त्याने नजर काढायची नाही. म्हणजे बाकीच्यांना निर्धास्तपणे आपलं काम करता येतं.”

“आणि किती वेळ?”

“काँक्रीटला स्वतःच थंडी सोसू लागेपर्यंत.”

तिला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेरच्या पॅसेजला खिडकी नव्हती. ती जिन्याकडे धावणार, तोच दार उघडलं.

“पास,” बिर्थे हसत होती. “अगं, चांगली पास!”

केल्ड अजून खिडकीतच होता. मान न वळवता तो म्हणाला, “एकदा पांघरुणाचा कोपरा उडाला. एक बाई सायकल लावत होती खाली, तिला खुणेने खोचायला लावला. पोर गाढ झोपलीय अजून. चल ये, आता पहारा तुझा.”