कोरा करकरीत
आजही सकाळपासून छायाच्या मागे फोनचा ससेमिरा लागला होता. माती तपासणीचे रिपोर्ट शेतकऱ्यांच्या मोबाईलवर पोचवणारी पायथन एपीआय तिनंच लिहिली होती, पण रिपोर्टच्या जागी नुसती गिचमिड चिन्हं दिसत होती. “काका, मोबाईल जुना झाला तुमचा, बदला!” ती आठवडाभर प्रत्येकाला सुनावत होती. दुपारी सोनाळ्याहून एसटीनं आलेल्या शेतकरी कडूबांनी तिच्या मलकापूरच्या ऑफिसात टेबलावर कोरा करकरीत मोबाईल आपटला. “तू म्हणली म्हणून घेतला. याच्यातही तेच येऊन राह्यलं, पोरी!” वैतागून तिनं कोड उघडला. पाठवायची होती पीडीएफ; ‘कंटेंट टाइप’, म्हणजे फाईलचा प्रकार, मात्र तिनं साध्या मजकुराचा लिहिला होता, म्हणून कुठलाही मोबाईल ती चिठ्ठीसारखी वाचत होता. तिनं ती ओळ बदलली. कडूबांच्या रबर लावलेल्या जुन्या मोबाईलवर रिपोर्ट लख्ख उघडला. “मंग मले हा नवा काऊन घ्याले लावला?”