चटणीचे हात

"एवढा महागाचा कॉम्प्युटर तू, आणि साधा कुस्तीचा जुना गेम चालवता येईना व्हय रे तुला?" उत्कर्षा स्क्रीनवर खेकसली. नवं विंडोज सकाळपासून नुसतं नाही म्हणत होतं. शेवटी तिनं गेमच्या सेटिंगमध्ये जुन्या विंडोजचा मोड निवडला, तसा गेम उघडला.

गेम दोघांचा होता. बाणांच्या बटणांवर ती, डावीकडच्या अक्षरांवर धाकटा भाऊ ओजस. तो वारल्यापासून गेम कुणी लावलाच नव्हता.

डावीकडचा पैलवान हलला.

नव्याकोऱ्या कीबोर्डची डावीकडची बटणं खाली-वर होत होती. त्यांच्यावर शेंगाचटणीचं लाल तेल उमटत होतं.

भीतीच्या आधी तिचा जुना संतापच तोंडातून निघाला. "हजारदा सांगितलंय, हात पुसून बस की!"

बटणं थांबली.

मग तिच्या ओढणीचं टोक हळूच ताणलं गेलं, आणि त्यावर तेलाची लाल बोटं पुसली गेली.