तिसरा जोड

विनिपेगच्या ऐन थंडीत घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बंद पडली. तेव्हापासून आम्ही दोघं नवराबायको कोट घालूनच घरात वावरतोय. दुरुस्तीवाल्यांचं एकच पालुपद: "निघालाय माणूस, पोचेलच."

आज दुपारी दाराशी आमच्या बुटांशेजारी तिसरा जोड दिसला. त्यावरचा बर्फ ताजा होता. बेल वाजली नव्हती आणि दार आतून बंद होतं.

मी चक्रावून दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. पलीकडची बाई वैतागली. "अहो, तो तुमच्याच तळघरात काम करतोय. जरा दम धरा की!"

"थापा मारतात लेकाचे," असं म्हणत माझा नवरा ओरेस्ट नुसत्या मोज्यांवर खाली उतरला. खालून ओरडला, "कोणी नाहीये गं इथे!"

तेवढ्यात भट्टी धडधडली. जमिनीतल्या जाळीतून ऊब आली.

"ओरेस्ट, सुरू झाली बघ! ये वर!"

फोन वाजला. तीच बाई. "झालं ना काम? आमचा माणूस आत्ताच बाहेर पडला."

मी दाराकडे पाहिलं. परका जोड तिथेच होता. ओरेस्टचे बूट नव्हते.

तळघराच्या जिन्यावरून मोज्यांतली पावलं सावकाश वर येत होती.