बिनगोताचा कप्तान

चार नावं हवी होती, आणि ती कप्तान ॲन्सेल टटलच्या तोंडून निघत नव्हती.

समोर नदी. पलीकडे मक्याचं उभं शेत, आणि त्या मक्यात कुठंतरी बंडखोरांच्या तोफा दडलेल्या. चार माणसांनी राजरोस पाण्यात शिरायचं. त्यांच्यावर तोफा उडाल्या, की धूर कुठून निघतो ते आपल्या गोलंदाजांना दिसणार. मग बाकीचं सैन्य पार होणार. चौघांचं पुढं काय, ते हुकमात नव्हतं. हुकूम घेऊन आलेला तरुण स्वार घोड्यावरून न उतरता तिथंच थांबला होता. नावं पुकारलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघून मगच परत ये, असं त्याला जनरलनं बजावलेलं.

ॲन्सेलनं टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

तो मूळचा फेरीवाला. खेचरावर घड्याळं लादून उत्तरेकडून केंटकीच्या या डोंगरांत आलेला. लॉरेलच्या खोऱ्यात त्यानं घरोघरी घड्याळं टांगली. निम्मी बंद पडली. "ए घड्याळ्या, तुझ्या घड्याळात अजून माझं लग्न व्हायचंय रे!" असं लोक त्याला रस्त्यात गाठून सुनवायचे. उत्तर-दक्षिणेचं युद्ध सुरू झालं, खोऱ्यातले गडी पलटणीत शिरले, तसा तोही शिरला. सगळी कंपनी स्टिडम नाहीतर काउडिल. जो तो दुसऱ्याचा मामा, मेहुणा, साडू. शेकोटीपाशी ॲन्सेलची जागा धुराच्या बाजूला.

आणि गेल्या आठवड्यात जुना कप्तान तापानं गेला. नवा निवडायला सगळे जमले, तेव्हा एकूण एक हात ॲन्सेलसाठी वर झाला. तेव्हापासून तो हवेतच होता. लढाई संपली की खोऱ्यातल्या गिरणीच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी, दोन खोल्यांचं लाकडी घर बांधायचं. जागा मनात धरूनसुद्धा झाली होती. आता आपण यांच्यातले.

तो बाजूला लेफ्टनंट लेव्ही स्टिडमकडे गेला. निम्म्या कंपनीचा हा सख्खा नाहीतर चुलत मामा.

"लेव्हीमामा, नावं तुम्ही सांगा. तुमच्या अंगाखांद्यावर वाढलेत सगळे."

लेव्ही तंबाखू थुंकला. "म्हणूनच तर तुला निवडला."

"म्हणजे?"

"जुना कप्तान माझा चुलतभाऊ. मागच्या लढाईत त्यानं काउडिलांतल्या साडूच्या पोराला पुढं धाडलं. पोरगा गेला. आता ती दोन घरं एका झऱ्यावर पाणी भरत नाहीत. कप्तान मेला तर साडूनं खांदा दिला नाही, तुझ्या देखतच झालं ना? मी आज नावं घेतली तर बहिणीच्या दारात कोणत्या तोंडानं उभा राहू? तुझं इथं कोण आहे? तू नावं घे. आम्ही घरी जाऊ आणि सगळे मिळून तुला शिव्या घालू. खोरं शाबूत राहील."

ॲन्सेल म्हणाला, "चिठ्ठ्या टाकू या."

"मग नाव देवानं काढलं म्हणतील. माझी बहीण चर्चची पायरी चढायची नाही."

"मग मी स्वतः जातो."

"जा की. उरलेली तीन नावं मलाच घ्यावी लागतील. तेवढं टळावं म्हणून तर हात वर केले होते आम्ही." मग जरा खाली आवाजात, "वाईट वाटून घेऊ नकोस बाबा. माणूस वाईट नाहीस तू. परका आहेस, एवढंच."

स्वारानं घसा खाकरला. घोडा खूर आपटत होता.

ॲन्सेल रांगेसमोर आला. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. याच्या घरात पाळणा हलतोय. त्याची आई आंधळी. खेचराच्या पावलांवरून ॲन्सेलला ओळखायची आणि मक्याची भाकर पुढं करायची. एकेका चेहऱ्यामागं एकेक चूल दिसत होती त्याला. आपण रडवेले झालो तर यांना आपली दया येईल, हे त्याला कळलं. मग यांचा राग दुसरं घर शोधत जाईल. ओढ्याकाठचं ते लाकडी घर त्यानं मनातल्या मनात पाडून टाकलं.

"एनॉक काउडिल! सकाळपासून कुंथतोयस, पाण्यात उतर म्हणजे मोकळा होशील. आयरा स्टिडम! जिभेइतके पाय चालव आज. रूबेन काउडिल, तूही. आणि हायरम स्टिडम."

हायरमनं लेव्हीकडे पाहिलं.

"मामाकडे काय बघतोस? मामानं नाही, मी नाव घेतलंय. घरी सगळ्यांना हेच सांगायचं. चला, निघा! का हात धरून नेऊ?"

चौघं निघाले. मागं रांगेत कुजबुज सुरू झाली. "घड्याळ्याच तो शेवटी." "काळीज असतं तर ना!" "फिरून खोऱ्यात येऊ दे, दाखवतो त्याला." कितीतरी दिवसांनी स्टिडम आणि काउडिल एका सुरात बोलत होते. लेव्हीनं तोंड फिरवलं.

स्वारानं लगाम उचलला. त्याला हा कप्तान आवडलेला दिसला.

"कडक आहात हं. यांत तुमच्या नात्यातलं कुणी नाही वाटतं?"

ॲन्सेल नदीकडे बघत होता. पाणी त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

"चौघंही आहेत," तो म्हणाला.