घोट्यावरचा ठिपका

पुष्पावतीच्या घोट्यावरची ॲक्युपंक्चरची सुई काढताना डॉक्टर म्हणाली, “पुढच्या पाळीआधी या.” “तवा आमी उसाच्या फडात, ताई. पाळीत पोट धरून बसलं, की मुकादम शिव्या घालतो. जाऊ म्हनती, पिशवीच काढून टाक. तिची काढली, आता तिला मोळी उचलत न्हाई. मला न्हाई काढायची. सुईची जागा दाखवा, मीच दाबीन.” डॉक्टरने घोट्यापासून चार बोटं मोजून पेनाने ठिपका दिला. “दाबून सुईइतका आराम पडेलच असं नाही.” “थोडा पडला तरी लई झालं. पाथर्डीच्या बाजारात गोंदूनच घेते, म्हंजी पुसायचा न्हाई.” तिने दारातल्या लेकीला पुढे ओढलं. “हिच्या बी पायावर ठिपका द्या.” डॉक्टरने मुलीच्या गणवेशाकडे पाहिलं. “पाळी सुरू झाली?” “न्हाई अजून. पर यंदा ही बी कोयता धरनार. फडात सुरू झाली, तर गोंदनारी कुठून आनू?”