गोकर्णाची हाक

अकोल्याच्या दवाखान्यात श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी घातली म्हणून गोकर्णा वाचली. आवाज मात्र कायमचा बसला. संग्रामपूरला परतल्यावर प्रथमच ती नवऱ्याची, रामरावांची भाकर घेऊन वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहिली. पूर्वी इथून मारलेली तिची हाक नाल्यापलीकडे जायची. "वहिनीची हाक आली, चला जेवाले!" म्हणत शेजारच्या वावरातले मजूरही शिदोऱ्या सोडायचे. आता रामराव पाठमोरे, विळ्यानं तूर सवंगत होते. तिनं सवयीनं हाक मारली. नुसती हवा निघाली. पुन्हा मारली. शेवटी धापा टाकत ती त्यांच्यापर्यंत पोचली. "एवढं चालत काऊन आली वं? हाक मारायची ना!" रामराव बोलून गेले. "मारली होती," ती पुटपुटली. रामरावांचा विळा थबकला. दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा रामराव धुऱ्याकडे तोंड करून तूर सवंगत होते. तिला पाहताच त्यांनी विळा ठेवला.