जेठातला शनिवार

रंभाबाई जेवणाचा डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती. डबा हातात दिला की नात निघणार, हे तिला ठाऊक होतं.

"आज अमावस्या, त्यात शनिवार," ती म्हणाली. "अशा दिवशी कुणी पोरीला तापीपार धाडतं का? तुम्ही तरी बोला काही."

हिमानी दारात उभी होती. जळगावच्या एका दवाखान्यात दुपारी तिची नोकरीची मुलाखत होती. ती आजीकडे बघत नव्हती, आजोबाकडे बघत होती. बहादरपूरच्या त्या घरात असल्या गोष्टीत शब्द त्याचाच, कौतिकचाच चाले.

तीन वर्षांपूर्वी ती याच दारात अशीच उभी होती. जळगावच्या कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस होता. तेव्हा कौतिकनं दाराला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली होती. पोरगी रडली, तिच्या बापानं, प्रवीणनं, हात जोडून पाहिले. कौतिक हलला नाही. प्रवेश गेला तो गेलाच. हिमानी बऱ्हाणपुरात झेरॉक्सच्या दुकानात बसू लागली. वर्षभर ती आजोबाशी बोलली नाही. पाणी मागितलं तर तांब्या ठेवून निघून जायची.

त्यालाही ते गोड वाटलं नव्हतं. पण करणार काय?

कौतिक सात वर्षांचा असताना असीरगडाच्या पायथ्याकडून एक बैरागी गावात आला होता, मूळचा अयोध्येकडचा. ओसरीवर बसून भाकर खाल्ली, हात धुतले आणि म्हणाला, "जेठ की अमावस, शनिवार का दिन. उस दिन इस घर का जो ताप्ती पार गया, वो लौटेगा नहीं."

कौतिकचा बाप हसला होता. तो दिवस आला तेव्हा आईनं विनवलं, अमावस्येला बैल जुंपू नका. बापानं गाडी जुंपली. राजघाटाखाली नदीला गुडघाभरच पाणी होतं, ऊन मी म्हणत होतं. संध्याकाळी बैल रिकामी गाडी घेऊन दारात आले. आई त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. पोराच्या कानात राहिलं ते बैराग्याचं बोलणं.

चाळिशी उलटल्यावर कौतिक साक्षरता वर्गात जाऊन बसला. लोकांना वाटलं, याला पोथी वाचायची असेल. त्याला कॅलेंडर वाचायचं होतं. दिवाळी झाली की तो हद्दीपलीकडच्या रावेरहून मराठी कॅलेंडर आणायचा आणि सगळ्यात आधी जेठाचं पान उघडायचा. तो शनिवार कधी चार वर्षांनी येई, कधी बारा वर्षं येत नसे. त्याला काही नेम नव्हता. येणार एवढं मात्र नक्की, आणि तो आला की कौतिकच्या हातात एका कुलपाशिवाय काही नसे. बापानंतर घरातलं कुणी तसं गेलं नव्हतं. म्हणून तर कुलूप सुटत नव्हतं.

"आबा, कुलूप कुठं आहे?" हिमानी म्हणाली. "आणून देऊ का?"

कौतिकला ते लागलं. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून खाटेवर ठेवलं.

"इकडं ये. आजचं वाच."

"वैशाख अमावस्या."

"आता जेठाचं बघ."

तिनं पान उलटलं, आणखी एक उलटलं. "औंदा अधिक मास आहे, आबा. जेठ दोन आहेत. एकाची अमावस्या सोमवारी, दुसऱ्याची मंगळवारी."

"मग?"

"मग काय?"

"मग जा की बाई! माझी भीती जेठाची. वैशाखाशी माझं काय भांडण?"

हिमानीनं खाली वाकून त्याच्या पायाला हात लावला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"साऱ्या जगाची अमावस्या एक आणि यांची निराळी," रंभाबाई पुटपुटली. पण डबा तिनं दिला.

प्रवीणनं मोटरसायकल सुरू केली. गाडी केळीच्या बागेपाशी वळून दिसेनाशी होईपर्यंत कौतिक अंगणात उभा राहिला. पायाखालची माती भाजत होती. आत येऊन त्यानं कॅलेंडर पुन्हा एकदा वाचलं, बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून. वैशाखच होता.

तासाभरानं फोन वाजला.

"आबा, पूल कधीच मागं राहिला. शहापुरात रस पितोय आम्ही. पप्पा म्हणतात, अंधार पडायच्या आत घरी येऊ."

"सावकाश या," कौतिक म्हणाला. मग बायकोकडे वळला. "ऐकलंस? झाली पार तुझी नात."

"माझीच का? तुमची नाही का?"

तो हसला. कित्येक दिवसांनी त्याला कडकडून भूक लागली होती.

ती ताट वाढायला उठली, तोच दारात आवाज आला, "जय शनि महाराज!" दर शनिवारी तेल मागत फिरणारा माणूस होता. बादलीत तेल, तेलात शनीची लोखंडी मूर्ती. एरवी रंभाबाई पळीभर तेल घाली. आज कौतिक स्वतः वाटी भरून घेऊन गेला.

"आज बहुत खुश हो, दादा," तो माणूस म्हणाला. "वैसे आज जितना डालो, कम है. जेठ की अमावस और शनिवार एक साथ! कितने बरस में आती है."

"जेठ कुठला रे?" कौतिकनं वाटी तिरपी केली. "अजून वैशाख चालू आहे. आत्ताच नातीनं वाचून दाखवलं."

"आपका बैसाख होगा, दादा. सावन हमारा पंद्रह दिन पहले नहीं लगता? वैसे ही. पूनम हुई कि हमारा जेठ लग गया." त्यानं बादली जरा पुढे सरकवली. "काशी, अयोध्या, उधर सब जगह आज जेठ की ही अमावस है."